लाइनीचं दुसरं टोक

‘लाइन आली का?’ असं कुणी विचारलं की उत्तर देण्याआधी विचारणारा कोण आहे ते बघावं लागतं. शेतकरी असेल तर त्याला विजेची चौकशी करायची असते. ट्रंक कॉलच्या काळात टपाल कचेरीच्या बाकावर नंबर लावून बसलेला माणूस हेच वाक्य बोलायचा, तेव्हा त्याला परगावचा आवाज हवा असे. ‘तुमची लाइन कुठली?’ या प्रश्नाला मुंबईकर ‘सेंट्रल’, ‘वेस्टर्न’ किंवा ‘हार्बर’ असं उत्तर देतो, सराफ ‘सोन्याची’ म्हणतो आणि हवालदाराचा मुलगा आपल्या क्वार्टरचा पत्ता सांगतो. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘ती लाइन देते का रे?’ असं विचारलं जातं तिथे तर वीज, रेल्वे, टेलिफोन यांतलं काहीच नसतं, तरी झटका मात्र लागू शकतो.

इंग्रजीत हा शब्द जवसातून उगवला. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनुम’ म्हणत. त्याच्या खोडाचा वाख काढून जो दोरा वळत तो ‘लिनिया’. लिननचं कापड त्याच कुळातलं. आपल्याकडे विदर्भात जवस पिढ्यान्‌पिढ्या पिकतं, पण आपण त्याचं तेल गाळलं, चटणी कुटली. युरोपातल्या लोकांनी त्याचा दोरा वळला आणि त्या दोऱ्यातून शब्द निघाला. दोरा ताणला की सरळ होतो. मग कोळ्याच्या गळाचा दोर, गवंड्याची सुताची दोरी, कागदावरची ओळ, बापाकडून मुलाकडे जाणारा वंश, रणांगणावरची फळी, खिडकीपुढची रांग, आगगाडीचा रस्ता, तारेचा मार्ग हे सगळं त्या एका शब्दात ओवलं गेलं. अर्थ वाढत गेले, पण मूळचा दोरा कुठे तुटला नाही. दोन टोकं आणि मधला ताण, एवढं भांडवल प्रत्येक अर्थात शाबूत आहे.

मराठीला या शब्दाची गरज होती असं मुळीच नाही. आपल्याकडे पाटीवर रेघ आहे, तळहातावर रेषा आहे, पुस्तकात ओळ आहे, डोंगराची रांग आहे, जेवणाची पंगत आहे, नांगराचं तास आहे, पाभरीची काकरी आहे. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. डोंगराची पंगत होत नाही आणि पंगतीची रेघ होत नाही. 1847 साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला, तेव्हा या देशात प्रवासी रेल्वे धावत नव्हती, टेलिफोनचा शोधही लागलेला नव्हता आणि विजेचा दिवा घरात यायला अजून बराच अवकाश होता. तोवरच्या सगळ्या लाइनींना मराठीत नावं होती. त्यानंतर सहाच वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि बिननावाची एक लाइन दारात येऊन उभी राहिली. पुढे तारेची आली, टेलिफोनची आली, विजेची आली. आपण तिला घरात घेतलं आणि रेघ, ओळ, रांग, पंगत या बायकांच्या घोळक्यात बसवून स्त्रीलिंगीही करून टाकलं.

तरी एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. पंगतीला कुणी लाइन म्हणत नाही. ‘चार ओळी लिहून कळव’ असं म्हणणाऱ्या आईनं ‘चार लाइनी लिही’ असं कधी म्हटलं नाही. रांगोळीच्या रेघा रेघाच राहिल्या. मग हा शब्द नेमका कुठे शिरला आणि कुठे उंबऱ्याबाहेर थांबला? याचं उत्तर मला मामांच्या स्टेशनानं दिलं, असं आता वाटतं.

माझे थोरले मामा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. त्यांचं स्टेशन मनमाड-काचीगुडा मार्गावर होतं. तो मार्ग तेव्हा मीटरगेज होता आणि एकेरी होता. सुट्टीत आम्ही भाचरं त्यांच्या क्वार्टरवर जाऊन पडायचो. मामांच्या खोलीत एक जाडजूड लोखंडी यंत्र होतं, त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. गाडी पुढे सोडायची वेळ झाली की मामा कळ दाबून पुढच्या स्टेशनला घंटेचे ठोके पाठवत. तिकडून ठोक्यांनीच उत्तर येई. तिकडच्या मास्तरांनी कळ दाबून होकार दिला की मगच मामांच्या यंत्रातून लोखंडाचा एक गोळा बाहेर पडे. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि ते कडं ड्रायव्हरच्या हातात. न थांबणारी गाडी असली तर ड्रायव्हर धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते झेलत असे. हातात गोळा नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. एकाच रुळांवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून केलेली ही तजवीज. तिला म्हणायचं ‘लाइन क्लिअर’.

आमच्या दृष्टीनं मामा म्हणजे त्या स्टेशनाचे राजे होते. हिरवं निशाण तेच दाखवत, घंटा त्यांच्या हुकमानं वाजे. पण त्यांच्या समोरचा गोळा मात्र पुढच्या गावच्या, आम्ही कधीही न पाहिलेल्या मास्तरांच्या मर्जीशिवाय बाहेर येत नसे. एकदा मी विचारलं, ‘मामा, त्यांनी होच म्हटलं नाही तर?’ मामा म्हणाले, ‘तर गाडी इथंच. अरे, लाइन आपल्या दारातनं जाते म्हणून ती आपली होत नाही.’ आम्ही पोरांनी त्यातला ‘लाइन क्लिअर’ तेवढा उचलला. दुपारी मामा घोरायला लागले की एकमेकांना तोच इशारा देऊन आम्ही चिंचेखाली पळायचो. मामांचं दुसरं वाक्य कळायला वय व्हावं लागलं.

माझ्या मनानं घेतलेली व्याख्या अशी: ज्याचं दुसरं टोक आपल्या हातात नसतं, त्याला मराठी माणूस लाइन म्हणतो. पंगत आपण मांडतो, तास आपण काढतो, ओळ आपण लिहितो. त्यांना आपले शब्द पुरतात. जिचं अलीकडचं टोक आपल्या दारात आणि पलीकडचं कुणा अनोळखी माणसाच्या मुठीत, ती लाइन.

मुंबईची लोकल या व्याख्येत सहज बसते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. या शहरातला माणूस लाइनीवर जन्माला येतो, लाइनीवर घर घेतो आणि शक्यतो लाइन बदलावी लागणार नाही अशी सोयरीक पाहतो. बदलापूरच्या मुलीला विरारचं स्थळ आलं तर पत्रिकेआधी दादरचा पूल डोळ्यांपुढे येतो. रविवारी मेगाब्लॉक कधी घ्यायचा हे मात्र लाइनीवर राहणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मरीन लाइन्स या स्टेशनाचं नाव तिथल्या रुळांवरून पडलं असेल असं वाटतं, पण तसं नाही. इंग्रजांच्या मरीन बटालियनच्या बराकी तिथे होत्या. तंबू नाहीतर बराकी ओळीनं मांडायच्या आणि त्या वस्तीला ‘लाइन्स’ म्हणायचं, ही त्यांच्या लष्करातली रीत. लष्कराबाहेरच्या साहेबांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आज उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, विधानभवन आहे, मोठी झाडं आणि त्याहून मोठी आवारं आहेत. साहेबांच्या वाट्याला हे आलं, शिपायांच्या वाट्याला पोलीस लाइन आली. दोन खोल्या, पुढे पडवी, सामायिक नळ, आणि एका घरात फोडणी पडली की शेजारच्या चार घरांत ठसका.

माझा शाळेतला एक मित्र पोलीस लाइनीत राहायचा. लाइनीतली पोरं एकमेकांसाठी जीव टाकत. गणपती त्यांचा सगळ्यांत शिस्तीचा, क्रिकेटची टीम सगळ्यांत बेशिस्त. पण त्या घरांना एक वेळापत्रक होतं. वडिलांची बदली झाली की घर सोडायचं, निवृत्ती झाली की कायमचं सोडायचं. मित्राच्या आईनं पडवीपुढे लावलेला कढीपत्ता पुढच्या हवालदाराच्या बायकोनं तोडला असणार. लहानपण जिथे गेलं ते घर परत बघायला जायचं तर ओळख सांगून आत शिरावं लागतं, ही लाइनीतल्या माणसाची रीत आहे. तिथे दुसरं टोक असतं एका सहीच्या कागदावर.

टेलिफोनच्या लाइनीनं तर एका पिढीला ताटकळायला शिकवलं. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं, तोवर शेजाऱ्यांचा नंबर ‘पीपी’ म्हणून आपल्या पत्रावर छापायचा. शेजारच्या काकू खिडकीतून हाक मारायच्या आणि आपण ओल्या हातांनी धावायचो. लाइन मिळायची नाही, मिळाली तर तिसऱ्याच दोघांचं बोलणं मध्ये घुसायचं, पावसाळ्यात लाइन मरायची. ती जिवंत करणाऱ्या लाइनमनला दिवाळीची पोस्त देताना घरातला कर्ता पुरुषही अजीजीनं हसायचा.

पण या शब्दाचं सगळ्यांत मोठं राज्य आहे ते विजेच्या तारेवर. शहरातल्या माणसाचे ‘लाइट जातात’. त्याला दिवा, पंखा, टीव्ही दिसतो. खेड्यात ‘लाइन जाते’, कारण शेतकऱ्याचा जीव दिव्यात नसून विहिरीवरच्या मोटारीत असतो आणि मोटार चालायला थ्री फेज लागतो. घरात बल्ब जळतोय, तरी तो म्हणतो, ‘लाइन नाही.’ शेतीची वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. त्यामुळे आमच्या जुन्नर भागात आठवड्याचे वार लाइनीवरून ओळखले जातात. सोयरीक, सुपारी, बारसं ठरवतानासुद्धा कुणीतरी विचारतंच, ‘त्या दिशी लाइन कंची?’

हिवाळ्यात माझ्या चुलतभावाकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर मी गप्पांच्या तयारीनं अंगणात बसलो, तर दादा कानटोपी घालून, बॅटरी आणि काठी घेऊन निघाले. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही निजा. आज लाइन रातची हाये, ह्यांना उजाडंस्तवर दारं धरायची.’ उसाच्या शेतात रात्री पाणी द्यायचं म्हणजे पायाखाली विंचूकाटा आणि जुन्नरात तर उसातच बिबट्याची मादी व्यालेली असते. मी बरोबर गेलो. डीपीजवळ आणखी दोघं-तिघं शेकोटी करून बसले होते. लाइन यायच्या वेळेला आली नाही. कुणी म्हणालं डिओचा फ्यूज उडाला, कुणी म्हणालं एक फेज गेलाय, कुणी लाइनमनला फोन लावला. शिव्या कुणी दिल्या नाहीत. पाऊस न आल्यावर आभाळाकडे बघावं तसं सगळे तारांकडे बघत होते. मग एकदम विहिरीवरची मोटार घोंघावली आणि दादा पळत सुटले. लाइन आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटोस्विच नको म्हणून वीज खातं बजावत असतं, पण लाइन किती वाजता येईल हे माहीत नसलेला माणूस दुसरं काय करणार?

लाइनमनचंही सांगायला हवं. वादळात खांब पडले की गावातला प्रत्येकजण घरात आणि तो खांबावर असतो. महावितरणनं त्याला ‘जनमित्र’ असं गोड नाव दिलं. कागदावर ते रुळलं, गावात तो लाइनमनच राहिला. आता या कामावर मुलीही आल्या आहेत, ड्रेस घालून, कमरेला पक्कड लावून खांबावर चढतात आणि गाव त्यांनाही बिनदिक्कत ‘लाइनमन मॅडम’ म्हणतं. व्याकरणाला जे जमलं नसतं ते गरजेनं जमवलं.

रांगेसाठीही आपण लाइन हाच शब्द उचलला, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आपल्याला इंग्रजी शिकवलं ते इंग्रजांनी, आणि ते रांगेला ‘क्यू’ म्हणतात. बसस्टॉपवर क्यू लावणारा जुना मुंबईकर तो शब्द वापरतोही. तरी रॉकेलची लाइन, रेशनची लाइन, ॲडमिशनची लाइन हेच तोंडात बसलं. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अख्खा देश लाइनीत उभा राहिला. खिडकीपर्यंत पोचेतो पैसे संपतील की काय हे लाइनीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. याउलट पंढरपुरात आषाढीला तासन्‌तास उभा राहणारा जुना वारकरी आपल्या रांगेला ‘बारी’ म्हणतो. बारीला लागलो, बारी पुढं सरकली. त्या रांगेचंही दुसरं टोक लांब असतं, दिसत नसतं, पण तिथे कोण उभा आहे याबद्दल त्याला शंका नसते. ज्या देवळांत पैसे भरून लवकर दर्शन मिळतं, तिथे मात्र ‘व्हीआयपी लाइन’ असते. त्या सोयीला व्हीआयपी बारी म्हणायची जीभ अजून कुणाची वळलेली नाही.

लाइन मारणे हा वाक्प्रचार हिंदी सिनेमानं आपल्या गळ्यात बांधला की आपल्याच टवाळांनी, याचा निवाडा मी करत नाही. पण त्यातही मारणारा एका टोकाला आणि सगळा निकाल दुसऱ्या टोकाला. ‘लाइन देणे’ हे क्रियापद केवळ तिच्या मालकीचं.

क्रिकेटपाशी मात्र माझी व्याख्या लंगडते. गोलंदाजाची लाइन त्याच्या स्वतःच्या हातात असते. 1964 च्या जानेवारीत मद्रासच्या कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध सलग 21 षटकं निर्धाव टाकली. 131 चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, बळी एकही नाही. सरावाला ते खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकत, असं सांगतात. अशी लाइन हातात असलेल्या माणसाबद्दल बोलताना मराठी समालोचकांना ‘टप्पा आणि दिशा’ हे आपले शब्द किती सहज सुचले! म्हणजे व्याख्या लंगडली तरी पडत नाही.

इंग्रजीच्या घरातही हा शब्द नेहमी निरुपद्रवी राहिला नाही. बातमीदाराच्या मानगुटीवर बसणारी ‘डेडलाइन’ अमेरिकेच्या यादवी युद्धातून आली. 1864 मध्ये जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलला युद्धकैद्यांची छावणी उघडली. तिच्या कुंपणाच्या आत एक हलकासा कठडा घातला होता. तो ओलांडणाऱ्याला पहारेकऱ्यानं गोळी घालायची, म्हणून ती ‘डेड लाइन’. सुमारे 45,000 कैद्यांपैकी जवळजवळ 13,000 त्या छावणीत उपासमारीनं आणि रोगराईनं मेले. आणि आपल्या उपखंडाच्या नशिबी आलेली रॅडक्लिफ लाइन! सर सिरिल रॅडक्लिफ 8 जुलै 1947 रोजी भारतात उतरले. त्याआधी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. पाचेक आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगालचे नकाशे कापले. सीमा जाहीर झाली 17 ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. आपण कुठल्या देशात आहोत हे लाहोर-अमृतसरकडच्या लाखो माणसांना झेंडे चढल्यानंतर कळलं. दुसरं टोक कुणाच्या हातात असतं याला किती महत्त्व आहे, हे इतक्या क्रूरपणे दुसऱ्या कुठल्या लाइनीनं सांगितलं नाही.

आता नवी लाइन आली आहे, ऑनलाइन. सातबारा ऑनलाइन, पीक विमा ऑनलाइन, पिकाची पाहणीसुद्धा मोबाइलवर. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे वाचले, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण पूर्वी तलाठ्याशी भांडता तरी यायचं. ‘सर्व्हर डाऊन’ या उत्तराशी कुणी भांडावं? टोक आता इतकं लांब गेलंय की ते कुठल्या गावात आहे तेही कळत नाही.

परभाषेतले शब्द हटवण्याचा आग्रह आपल्याकडे जुना आहे. सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ रुळला. शासनाच्या परिभाषेत विजेच्या लाइनीला ‘वाहिनी’ असा चांगला शब्द आहे. तरी शेतात कुणी ‘वाहिनी आली का?’ असं विचारत नाही. यात शेतकऱ्याचा इंग्रजीचा सोस नाही. परक्याच्या हातातल्या वस्तूला त्यानं परका शब्द ठेवला, इतकंच.

याचा पडताळा मला दादांच्याच बांधाला मिळाला. शेजारच्यानं सौर पंप बसवला आहे. त्याच्याशी बराच वेळ बोललो. पाणी किती पडतं, ढगाळ दिवशी कसे हाल होतात, पट्ट्यांवरची धूळ कितीदा पुसावी लागते, सगळं त्यानं सांगितलं. एवढ्या बोलण्यात लाइन हा शब्द एकदाही आला नाही. ‘ऊन पडलं की चालू व्हतंय, सांजंला बंद,’ एवढंच त्याचं वेळापत्रक. रात्री तो झोपतो.

तेव्हा ‘लाइन’ हा शब्द मराठीतून घालवायचाच असेल, तर भाषाप्रेमींना माझी एवढीच विनंती आहे: आधी शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायला लावा. शब्दाचं काय करायचं ते तो बघून घेईल.